खाणीच्या मातीतील विष आणि निसर्गाचा साबण

नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, म्हणजेच ‘नीरी’मध्ये, डॉ. आशा जुवारकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. प्रयोगाची मांडणी साधी होती. कॅडमियम आणि शिसे हे दोन विषारी धातू मुद्दाम मिसळलेली माती उभ्या नळकांड्यांत भरण्यात आली. त्यांपैकी काहींतून नळाचे पाणी सोडण्यात आले, तर काहींतून एका जीवाणूने तयार केलेल्या फेसाळ द्रव्याचे विरल द्रावण. साध्या पाण्याबरोबर कॅडमियमचा जेमतेम २.७ टक्के आणि शिशाचा ९.८ टक्के भाग निघून आला. जीवाणूजन्य द्रव्याच्या द्रावणाबरोबर मात्र ३६ तासांत ९२ टक्के कॅडमियम व ८८ टक्के शिसे बाहेर पडले.

हे द्रव्य साबणाच्या जातीचे आहे; परंतु ते तेल व कॉस्टिक सोडा यांपासून केलेले नव्हे. सूक्ष्म जीव आणि वनस्पती आपल्या स्वतःच्या गरजेसाठी अशी द्रव्ये तयार करीत असतात. आपल्याकडे घरोघरी वापरात असलेला रिठा आणि शिकेकाई ही त्यांचीच उदाहरणे होत. खाणींच्या परिसरात साठलेले विषारी धातू अशा नैसर्गिक द्रव्यांनी धुऊन काढता येतील काय, याचा अभ्यास गेली तीस वर्षे कॅनडा, अमेरिका, जपान, मलेशिया आणि भारत या देशांत चालू आहे. या अभ्यासातून आशा वाटावी असे पुष्कळ काही हाती लागले आहे. त्याच वेळी, अशा धुण्याने काय साधते आणि काय साधत नाही, याची सीमाही बऱ्याच अंशी स्पष्ट झाली आहे.

ढिगात काय असते?

खाणीतून निघणारा टाकाऊ माल मुख्यतः दोन प्रकारचा असतो. खनिजाच्या थरापर्यंत पोहोचण्यासाठी वरची जी दगडमाती उकरून बाजूला टाकावी लागते, तिचे ढीग हा पहिला प्रकार. दुसरा प्रकार अधिक त्रासदायक आहे. तांबे, शिसे, जस्त यांची खनिजे दगडात अल्प प्रमाणात विखुरलेली असल्यामुळे तो दगड गिरण्यांत दळून पिठासारखा बारीक करावा लागतो. मग हे पीठ पाण्यात कालवून त्यात विशिष्ट रसायने घालतात आणि खालून हवा सोडतात. खनिजाचे कण फेसाला चिकटून वर येतात. उरलेला दगडाचा गाळ पाण्याबरोबर बांध घातलेल्या तलावात सोडला जातो. इंग्रजीत या गाळाला ‘टेलिंग्ज’ म्हणतात. खाणकामगारांच्या तोंडीही हाच शब्द आहे. या पद्धतीत धातूचे खनिज दगडापासून वेगळे होते ते फेसामुळेच, हे येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. ज्या गुणधर्माने हे गाळाचे डोंगर उभे राहिले, त्याच गुणधर्माचा उपयोग ते निर्विष करण्यासाठी करण्याचा विचार शास्त्रज्ञ करीत आहेत.

फेसातून सारे खनिज काही निघत नाही. गाळात थोडे शिसे, थोडे जस्त राहतेच. जस्ताच्या खनिजाबरोबर कॅडमियम निसर्गतःच आलेले असते. खाणवाल्याला त्या काळी ते नको असल्यामुळे पुष्कळ ठिकाणी ते सरळ कचऱ्यात गेले. काही खनिजांबरोबर सोमलही येतो. शिवाय गाळात गंधकयुक्त लोह खनिज असल्यास हवा आणि पाणी यांच्या संयोगाने त्यापासून गंधकाम्ल तयार होते आणि हे आम्ल इतर धातूंना सोडवून पाण्यात आणते. दगडाच्या पोटात लक्षावधी वर्षे स्वस्थ पडून राहिलेला धातू दळला गेल्यामुळे, उघड्यावर आल्यामुळे आणि भिजल्यामुळे चालता होतो. उन्हाळ्यात तो धुळीबरोबर उडतो, तर पावसाळ्यात नाल्याला मिळतो.

तो पुढे कोठे जातो याचे सर्वांत क्लेशकारक उदाहरण जपानमधील आहे. तोयामा प्रांतातून वाहणाऱ्या जिंझू नदीच्या वरच्या अंगाला कामिओका ही जस्ताची खाण होती. तिचे सांडपाणी नदीत आणि नदीचे पाणी भातखाचरांत जात असे. भाताच्या रोपाला कॅडमियम शोषून घेण्याची खोड आहे. वर्षानुवर्षे हा भात खाणाऱ्या खेड्यांतून, विशेषतः प्रौढ स्त्रियांमध्ये, मूत्रपिंडे निकामी होणे व हाडे ठिसूळ होऊन साध्या हालचालीने मोडणे असा विकार पसरला. रुग्ण वेदनेने ‘इताई, इताई’ म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’ असे कण्हत. त्यावरून रोगाला तेच नाव पडले. १९६८ साली जपान सरकारने या रोगाचे कारण कामिओका खाणीतून आलेले कॅडमियम हे असल्याचे अधिकृतपणे मान्य केले. पुढे सुमारे ८६३ हेक्टर भातजमीन पूर्ववत करण्याचे काम हाती घेण्यात आले. दूषित थरावर स्वच्छ माती आणून पसरण्याचे हे काम २०१२ साली पूर्ण झाले. त्याला तीस वर्षांहून अधिक काळ लागला.

गाळाच्या तलावाचा बांधच फुटला तर हीच गोष्ट एका रात्रीत घडते. स्पेनमधील अझ्नालकोयार येथे २५ एप्रिल १९९८ रोजी असा बांध फुटून आम्लयुक्त पाणी व धातुमिश्रित गाळ ग्वादियामार नदीच्या खोऱ्यात पसरला. तेथून जवळच दोन्याना हे पक्ष्यांसाठी प्रसिद्ध असलेले राष्ट्रीय उद्यान आहे. त्या खोऱ्यातील हजारो हेक्टर जमिनीवरचा गाळ यंत्रांनी खरवडून उचलावा लागला.

जुने उपाय

दूषित माती उचलणे, तिच्यावर स्वच्छ मातीचा थर देणे किंवा सिमेंट मिसळून ती घट्ट करून टाकणे, हे आजवरचे रूढ उपाय होत. माती उचलली तर ती नेऊन टाकायची कोठे, हा प्रश्न राहतो. थर दिला तर धातू जागच्या जागीच राहतात. सिमेंट मिसळलेली माती शेतीच्या कामाची उरत नाही.

धुण्याचा विचारही नवीन नाही. तीव्र आम्ल ओतले असता धातू निश्चितच सुटतात. पण त्याबरोबर मातीतील चुना, सेंद्रिय द्रव्य आणि सूक्ष्म जीव हेही नाहीसे होतात. मागे उरते ती माती नव्हे, नुसती रेती. ईडीटीए या नावाने ओळखले जाणारे संश्लेषित रसायन धातूंना फार चांगले पकडते. त्याची अडचण अशी की ते लवकर कुजत नाही. ते मातीत अथवा भूजलात शिल्लक राहिले तर पकडलेला धातू बरोबर घेऊन दूरवर प्रवास करते. ज्याने धातू सोडवला तेच रसायन पुढे त्याचे वाहन होते. मातीतील सूक्ष्म जीवांना पचणारे आणि तरीही धातूला धरून ठेवणारे काही मिळाले तर हवे होते. नैसर्गिक पृष्ठसक्रिय द्रव्यांकडे संशोधकांचे लक्ष गेले ते या गरजेतून.

दोन तोंडांचा रेणू

पृष्ठसक्रिय द्रव्याच्या रेणूला दोन भिन्न स्वभावांची टोके असतात. एक टोक पाण्यात रमते, दुसरे पाण्यापासून दूर पळते. त्यामुळे हे रेणू पाण्याच्या पृष्ठभागावर, किंवा पाणी व दुसरा पदार्थ जेथे भेटतात त्या सीमेवर, गर्दी करतात आणि तेथील ताण कमी करतात. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७२ एकक असतो, तर चांगले जीवाणूजन्य द्रव्य तो ३० च्याही खाली आणते. ताण कमी झाला की ज्या बारीक फटींत साधे पाणी शिरत नाही तेथे हे द्रावण शिरते. द्रव्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले म्हणजे रेणूंचे गोलाकार पुंज बनतात. त्यांना मिसेल म्हणतात. कपड्यावरचा तेलकट मळ साबणाने निघतो तो या पुंजांच्या पोटात शिरून.

मात्र धातूचा मळ तेलकट नसतो. येथे कामाला येते ते रेणूचे पाण्याकडचे टोक. रॅम्नोलिपिड या द्रव्याच्या त्या टोकाला असलेल्या आम्लगटामुळे, पाणी फार आम्लधर्मी नसल्यास, तेथे ऋण विद्युत् भार असतो. सर्फॅक्टिन या दुसऱ्या द्रव्यात असे दोन भार असतात. शिसे, कॅडमियम, जस्त यांचे आयन धन भाराचे असतात. मातीच्या कणाने त्यांना धरून ठेवलेले असते ते मुख्यत्वे याच आकर्षणाने. द्रावण मातीतून झिरपू लागले की या रेणूंची टोके कणाशी चढाओढ करतात आणि धातूचा आयन मातीपासून सुटून त्यांच्याबरोबर निघतो. साध्या पाण्याने जो २.७ टक्के कॅडमियम निघाला तो मोकळा होता. बाकीचा बांधलेला होता, आणि तो सोडवायला दुसऱ्या कोणीतरी हात पुढे करावा लागला.

रॅम्नोलिपिडचा शोध धातूंच्या संदर्भात लागलेला नाही. जार्व्हिस व जॉन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९४९ साली स्यूडोमोनास एरुजिनोसा या जीवाणूपासून मिळणाऱ्या या द्रव्याचे वर्णन केले. तेलकट पदार्थ पाण्यात विरघळवून खाता यावेत म्हणून हा जीवाणू ते बनवतो. ते कॅडमियमलाही घट्ट पकडते असे अमेरिकेतील अॅरिझोना विद्यापीठातील रैना मिलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली दाखवून दिले. पुढच्याच वर्षी त्यांनी मातीतून कॅडमियम, शिसे व जस्त काढण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यानंतर कॅनडातील कॉन्कॉर्डिया विद्यापीठाच्या कॅथरिन मुलिगन यांनी हा विषय उचलला आणि माती, नदीतील गाळ व खाणीतील टेलिंग्ज या तिन्हींवर पुष्कळ काम केले. द्रावणाऐवजी त्याचा फेस करून तो मातीतून सोडण्याची कल्पनाही त्यांच्या प्रयोगशाळेत पारखली गेली. वांग व मुलिगन यांच्या २००४ सालच्या प्रयोगात रॅम्नोलिपिडच्या फेसाने ७३.२ टक्के कॅडमियम व ६८.१ टक्के निकेल निघाले. तेच द्रावण फेस न करता वापरले असता हे आकडे ६१.७ आणि ५१ टक्के असे आले. द्रावण मातीतील सोप्या वाटा शोधून तेथूनच वाहून जाते. फेस मात्र सर्व बाजूंनी सारखा पसरतो, हे त्याचे कारण.

रिठा आणि निवळी

रिठ्याच्या झाडाच्या शास्त्रीय नावातील पहिला शब्द ‘सॅपिंडस’ असा आहे. त्याचा अर्थच ‘भारतीय साबण’. रिठ्याच्या फळाच्या सालीत सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात आणि फेस येतो तो त्यांच्यामुळे. रेशमी वस्त्रे व लोकरीचे कपडे रिठ्याने धुण्याची चाल जुनी आहे. सोनारही काळवंडलेले दागिने उजळण्यासाठी रिठ्याचे पाणी वापरीत आले आहेत. अर्थात दागिन्यावरचा मळ काढणे आणि मातीतला धातू काढणे या एकच क्रिया नव्हेत, हे सांगितले पाहिजे. तथापि, सॅपोनिनच्या अंगीही धातूच्या आयनाला धरून ठेवण्याचा गुण आहे, हे प्रयोगांती सिद्ध झाले आहे.

जपानमध्ये हाँग, तोकुनागा व काजिउची या संशोधकांनी २००२ साली तीन निरनिराळ्या दूषित मातींवर वनस्पतिजन्य सॅपोनिन वापरून पाहिले. कॅडमियम ९० ते १०० टक्के आणि जस्त ८५ ते ९८ टक्के निघाले. याहून महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. धुतलेल्या पाण्याचा सामू १०.७ च्या आसपास नेल्यावर धातू साका होऊन तळाशी बसले आणि वरचे सॅपोनिनचे पाणी पुन्हा वापरण्याजोगे राहिले. मलेशियात २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, लोहाचे प्रमाण अधिक असलेल्या मातीतून सोमल काढण्यासाठी रिठ्याचा अर्क वापरण्यात आला. अशा मातीत सोमल लोहाला घट्ट धरून बसतो; तरीही कारखान्यात बनणाऱ्या एका प्रचलित संश्लेषित द्रव्याच्या तुलनेत रिठ्याने ८६ टक्क्यांपर्यंत काम केले.

नागपूरच्या प्रयोगातील द्रव्याचीही एक गोष्ट आहे आणि ती महाराष्ट्राच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे. जीवाणूला वाढवायचे म्हणजे त्याला खाद्य हवे, आणि साखर किंवा तेल विकत घेऊन ते पुरवायचे म्हटले तर द्रव्य सोन्याच्या भावाने पडते. नीरीतील के. व्ही. दुबे व आशा जुवारकर यांनी २००१ साली असे दाखवून दिले की, हाच जीवाणू आसवनीच्या सांडपाण्यावर आणि दह्याच्या निवळीवर उत्तम वाढतो व द्रव्य देतो. श्रीखंडासाठी चक्का बांधला की फडक्यातून जे पाणी गळते ती निवळी. दुग्धशाळांतून ती मोठ्या प्रमाणावर निघते. मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणारे आसवनीचे तांबडे सांडपाणी तर साखर कारखान्यांच्या परिसरातील नेहमीचे दुखणे आहे. ही दोन्ही पाणी जशीच्या तशी ओढ्यात गेली तर तेथील प्राणवायू संपवून टाकतात. त्यांच्यातील सेंद्रिय अंश जीवाणूने खाल्ला की पाण्याचा उपद्रवही तेवढा कमी होतो.

हिशेब मात्र करून पाहिला पाहिजे. अशा सांडपाण्यातून मिळणारे द्रव्य लिटरमागे सुमारे एक ग्रॅम असते. समजा, एक टन माती धुण्यासाठी तिच्या दसपट, म्हणजे दहा हजार लिटर पाणी लागले आणि त्यात द्रव्याचे प्रमाण ०.१ टक्का ठेवले, तर टनामागे १० किलो द्रव्य लागेल. त्यासाठी तितकेच, म्हणजे दहा हजार लिटर सांडपाणी जीवाणूंकडून पचवून घ्यावे लागेल. हा केवळ अंदाज समजावयाचा, पण त्यावरून एक गोष्ट कळते : लाखो टनांचे ढीग या मार्गाने धुण्याचा विचार आज तरी करता येणार नाही. उत्पादन वाढावे आणि किंमत उतरावी यासाठी जगात प्रयत्न चालू आहेत. इव्होनिक या जर्मन कंपनीने २०२४ साली स्लोव्हाकियात साखरेच्या किण्वनातून रॅम्नोलिपिड बनवण्याचा मोठा कारखाना सुरू केला. तथापि, त्यामागील मुख्य हेतू भांडी धुण्याची द्रव्ये व सौंदर्यप्रसाधने हा आहे. खाणीची माती नव्हे.

आणखी एक सावधगिरी येथेच नोंदवावी लागेल. स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जीवाणू दुबळ्या रुग्णांमध्ये, भाजलेल्या जखमांमध्ये आणि रुग्णालयांतून संसर्ग पसरवणारा म्हणून कुप्रसिद्ध आहे. म्हणून मातीत सोडायचे ते त्याने बनवलेले द्रव्य, जीवाणूपासून वेगळे केलेले. खुद्द जीवाणू नव्हे.

कोणता धातू निघतो, कोणता नाही

सर्व धातूंशी या द्रव्यांची सारखी मैत्री नाही. अॅरिझोनातील संशोधकांनी २००१ साली रॅम्नोलिपिड कोणत्या धातूला किती घट्ट धरते याची क्रमवारी लावली. तीत अॅल्युमिनियम, तांबे, शिसे, कॅडमियम व जस्त वरच्या भागात येतात. चुन्यातील कॅल्शियम त्यांच्या खाली, तर निकेल, मँगनीज, मॅग्नेशियम व पोटॅशियम अगदी शेवटी. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही क्रमवारी सोयीची आहे, कारण पिकाला हवे असलेले पोटॅशियम व मॅग्नेशियम मातीत राहते आणि नको असलेले शिसे आधी जाते. ईडीटीएला किंवा आम्लाला एवढा विवेक नसतो.

पण याच क्रमवारीचा दुसरा अर्थ विदर्भातील वाचकांनी लक्षात घ्यावा असा आहे. नागपूर व भंडारा जिल्ह्यांतील धातूंच्या खाणी मुख्यत्वे मँगनीजच्या आहेत, आणि मँगनीज या यादीत तळाशी आहे. मनसर, डोंगरी बुजुर्ग किंवा गुमगाव येथील ढिगांवर रॅम्नोलिपिड ओतून फारसे काही साधण्यासारखे नाही. त्या ढिगांसाठी नीरीनेच वेगळा मार्ग काढला. गुमगाव येथील मँगनीज खाणीच्या ओसाड ढिगांवर साखर कारखान्यातील प्रेसमड घालून, मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशी व नत्र स्थिर करणारे जीवाणू यांच्या साह्याने झाडे वाढवण्यात आली. तेथे धातू काढून नेलेला नाही. ढीग जागेवर धरून ठेवला आहे, धूळ व धूप थांबवली आहे. मँगनीजच्या बाबतीत तोच शहाणपणाचा मार्ग म्हणावा लागेल. धुण्याचा उपाय शिसे, जस्त व तांबे यांच्या खाणींसाठी आहे. भारतात असा प्रश्न प्रामुख्याने राजस्थानात संभवतो. तेथील झावरला तर शेकडो वर्षांपूर्वी मातीच्या मुशींतून जस्त गाळले जात असे, आणि त्या मुशींचे ढीग आजही पाहावयास मिळतात.

सोमल आणि षट्संयुजी क्रोमियम यांचा प्रकार निराळा आहे. पाण्यात ते स्वतःच ऋण भाराचे आयन बनून राहतात. त्यामुळे ऋण भाराचा रेणू त्यांना पकडू शकत नाही. मुलिगन यांच्या प्रयोगशाळेत टेलिंग्जमधून सोमल निघाला तो द्रावण तीव्र अल्कधर्मी केल्यावर, आणि तोही कणावरची जागा रॅम्नोलिपिडने बळकावल्यामुळे. क्रोमियमच्या बाबतीत रॅम्नोलिपिडच्या सान्निध्यात विषारी षट्संयुजी रूपाचे कमी घातक त्रिसंयुजी रूपात परिवर्तन होते, असे आढळले. ओडिशातील सुकिंदा खोऱ्यासारख्या क्रोमाइटच्या खाणींच्या संदर्भात ही बाब अभ्यासण्याजोगी आहे.

मातीचा स्वभावही पाहावा लागतो. काळ्या चिकण मातीचे कण अतिसूक्ष्म असतात. द्रावण त्यांतून सहजी झिरपत नाही, आणि धातू सोडवण्यापूर्वीच बरेचसे द्रव्य त्या कणांना चिकटून वाया जाते. चुनखडीचे प्रमाण अधिक असल्यास कॅल्शियमच्या गर्दीत द्रव्य खर्ची पडते. रेताड मातीत हेच काम पुष्कळ सोपे होते. मुळात धातू मातीत कशा स्वरूपात आहे यावर सारे अवलंबून असते. कणाच्या पृष्ठभागावर बसलेला धातू लगेच सुटतो. कार्बोनेटमध्ये किंवा लोह-मँगनीजच्या ऑक्साइडांत अडकलेला मुश्किलीने सुटतो. खनिजाच्या स्फटिकातच असलेला धातू सुटतच नाही. म्हणून नागपूरच्या प्रयोगातील ९२ टक्के हा आकडा वाचताना ती माती प्रयोगासाठी दूषित केलेली होती हे विसरू नये. चाळीस-पन्नास वर्षे ऊनपाऊस खाल्लेल्या गाळात धातू अधिक खोल रुजलेला असतो. त्यातही गंधकयुक्त खनिज शिल्लक असले, तर आज धुतलेल्या गाळातून उद्याच्या पावसात नवा धातू मोकळा होतो. असा ढीग धुण्यापेक्षा त्याला हवा व पाणी लागू न देणे अधिक श्रेयस्कर.

धुतलेले पाणी

मातीतून निघालेले विष नाहीसे झालेले नसते. ते पाण्यात आलेले असते. या पद्धतीची खरी कसोटी तेथे लागते. उघड्या शेतात द्रावण ओतून ते जमिनीत जिरू दिले, तर धातू विहिरीत उतरेल आणि पूर्वी जो धोका शेतापुरता होता तो गावाला होईल. द्रव्य निसर्गातून आले आहे म्हणून ते निरुपद्रवी समजणे हीही चूक ठरेल. सॅपोनिनयुक्त वनस्पती पाण्यात ठेचून मासे गुंगवून पकडण्याची रीत अनेक देशांत होती. रिठ्याचे पाणी ओढ्यात सोडले तर तेथील मासे मरतात.

म्हणून माती उकरून, खाली अभेद्य अस्तर असलेल्या टाकीत अथवा हौदात ती धुणे, तळाशी निघणारे सर्व पाणी गोळा करणे आणि ते पुन:पुन्हा वापरणे, हीच मांडणी सुरक्षित मानली जाते. सॅपोनिनच्या पाण्यातून धातू वेगळे करण्यासाठी सामू वाढवतात. रॅम्नोलिपिडच्या बाबतीत उलट करावे लागते. पाणी आम्लधर्मी केले की द्रव्यच साका होऊन वेगळे होते आणि धातू पाण्यात राहतात; त्यांना नंतर चुन्याने खाली बसवता येते. शेवटी हाती येतो तो धातूंचा थोडासा चिखल. टनभर मातीऐवजी काही किलोंचा हा ऐवज घातक कचरा म्हणून नोंदवून रीतसर भरावस्थळी पोहोचवावा लागतो. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव व बुटीबोरी येथे अशा कचऱ्याची सोय आहे.

एवढी व्यवस्था लाखो टनांच्या ढिगासाठी परवडणारी नाही. पण ढिगाच्या पायथ्याशी, जेथे वर्षानुवर्षे वाहून आलेला गाळ एखाद्या शेताच्या बांधाशी, नाल्याच्या वळणावर किंवा शाळेच्या पटांगणात साठला आहे, तेथे प्रश्न काही शे टनांचा असतो. माती उचलून दूर नेण्याचा खर्च आणि तीच माती धुऊन परत टाकण्याचा खर्च यांची तुलना अशा ठिकाणी करता येते. त्यासाठी प्रथम त्या जागेच्या मातीचे पृथक्करण करून धातू कोणता, किती आणि कोणत्या स्वरूपात आहे हे पाहावे लागेल. मग तीच माती नळकांड्यात भरून छोट्या प्रमाणावर धुऊन पाहावी लागेल आणि धुतलेल्या मातीत घेतलेल्या पिकात धातू किती उतरतो हे तपासावे लागेल. जिंझूच्या काठी जो घात झाला तो भाताच्या दाण्यातून झाला होता.

धुतल्यावर माती माती राहते काय, या प्रश्नाचे उत्तर नागपूरच्या नळकांड्यांतून काही प्रमाणात मिळाले आहे. रॅम्नोलिपिडचे द्रावण जाऊन आल्यावर बाहेर पडणाऱ्या पाण्याचा सामू ६.६० ते ६.७८ इतका होता. म्हणजे आम्लाने मातीची जी दुर्दशा होते ती येथे झाली नव्हती. धातू निघून गेल्यानंतर त्या मातीतील सूक्ष्म जीवांची गणती करण्यात आली, तेव्हा त्यांची संख्या पूर्वीपेक्षा वाढलेली आढळली.